नवजात सुंतेचं डिस्पोजेबल साहित्य: खरेदी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
रुग्णालयांच्या शल्यसाहित्य खरेदी समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

नवजात बाळांच्या सुंतेसाठी लागणाऱ्या साहित्याची मागणी आपल्या टेबलावर येते तेव्हा ती बहुधा एका ओळीची असते. 'सुंता क्लॅम्प, डिस्पोजेबल, निर्जंतुक, अमुक नग.' त्या ओळीत साइज नसतो, पाकिटात काय काय हवं ते नसतं. मग 'डिस्पोजेबल' हा शब्द आहे म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न सुटला, असं धरून सगळ्यात कमी दराची निविदा मंजूर होते. आमचं सांगणं असं, की या शस्त्रक्रियेतल्या कायमच्या इजांच्या मुळाशी पुष्कळदा तीन गोष्टी असतात: एकमेकांना न जुळणारे भाग, चुकीचा साइज आणि नीट न सुटलेली कातडी. यातली तिसरी चूक ओटीतली, म्हणजे शस्त्रक्रियागृहातली. पहिल्या दोन दिसतात ओटीत, पण होतात मागणीपत्रात.

सुंता करावी की नाही, हा वाद या पत्राचा विषय नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट शिफारस करावी इतके नाहीत. नेदरलँड्सच्या वैद्यक संघटनेने २०१० मध्ये वैद्यकीय कारणाशिवाय मुलांची सुंता करण्याविरुद्ध भूमिका घेतली. आईवडील आणि डॉक्टर काय ते ठरवतील. एकदा ठरलं की ट्रेवर काय असेल, हे मात्र आपण ठरवता.

आधी गोम्को क्लॅम्पबद्दल, कारण डिस्पोजेबल साहित्य नेमकी कुठली अडचण सोडवायला आलं ते त्याशिवाय कळत नाही. हा क्लॅम्प १९३५ च्या सुमाराचा. गोल्डस्टीन मेडिकल कंपनी या नावाचं ते लघुरूप. त्याचे चार भाग: गोल भोक असलेली जाड प्लेट, टोपीसारखी बेल, टोकाला खाच असलेला वरचा दांडा आणि आवळायचा नट. बेल शिश्नमुंडावर टोपीसारखी बसते. पुढची कातडी बेलवरून वर घेऊन प्लेटच्या भोकातून बाहेर काढतात, बेलच्या देठावरची आडवी पट्टी दांड्याच्या खाचेत अडकवतात आणि नट आवळतात. बेलची कड आणि भोकाची कड यांच्यामध्ये कातडी चहूबाजूंनी चिरडली जाते आणि रक्तवाहिन्या मिटतात. पाच मिनिटं तसंच ठेवून प्लेटच्या वरच्या अंगाने ब्लेड फिरवतात. आतलं मुंड धातूच्या टोपीखाली झाकलेलं असतं, त्यामुळे ब्लेड तिथवर पोचत नाही. कल्पना उत्तम आहे, पण सगळी भिस्त त्या दोन कडा केसाइतकीही फट न ठेवता एकमेकींवर बसण्यावर आहे.

आपल्या स्टोअरमधला एखादा जुना गोम्को मागवून बघा. रिकामाच जोडा, नट आवळा आणि दिव्यासमोर धरा. बेल आणि प्लेट जिथे मिळतात तिथे उजेडाची बारीक कोर दिसली, तर त्या जागी कातडी चिरडली जाणार नाही, नुसती कापली जाईल आणि तिथूनच रक्त येत राहील. ही फट कुठून येते? बेल कधीतरी ट्रेमधून फरशीवर पडते आणि तिच्या कडेला पोचा येतो. दांडा वाकतो. नटाचे आटे झिजतात, मग हाताला तो घट्ट लागतो, पण दाब पुरेसा पडत नाही. आणि सगळ्यात जास्त भीतीची गोष्ट म्हणजे सीएसएसडीत, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात, चार सेट एकत्र धुतले जातात आणि एकाची बेल दुसऱ्याच्या प्लेटबरोबर पाकिटात जाते. १.३ सेंटिमीटर आणि १.४५ सेंटिमीटर या साइजमध्ये दीड मिलिमीटरचा फरक आहे. पाकीट भरणाऱ्याच्या डोळ्याला तो दिसत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २००० मध्ये सुंतेच्या क्लॅम्पबद्दल सावधगिरीची सूचना काढली. जुलै १९९६ ते जानेवारी २००० या काळात त्यांच्याकडे इजांच्या १०५ नोंदी आल्या होत्या. गोम्को पद्धतीच्या क्लॅम्पमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र जोडल्यामुळे क्लॅम्प तुटणं, सटकणं, कातडी फाटणं आणि पकड घट्ट न बसणं असे प्रकार घडू शकतात, असं त्या सूचनेत होतं. मोगेन क्लॅम्पचं दुखणं निराळं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका ज्यू धर्मगुरूने १९५४ मध्ये तयार केलेला हा क्लॅम्प म्हणजे बिजागरीवर उघडणाऱ्या दोन सपाट पट्ट्या. त्यांची फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडता कामा नये, म्हणजे कातडी आत जाते आणि मुंड बाहेर राहतं. बिजागरी सैल झाली किंवा पट्टी वाकली की फट वाढते, जास्त मांस आत ओढलं जातं, आणि मुंडाचं टोक त्यात सापडू शकतं. कापताना ते दिसत नाही, कारण मोगेनमध्ये मुंडावर काही झाकण नसतं आणि कातडीही उघडलेली नसते.

डिस्पोजेबल साहित्याचा खरा फायदा इथे आहे. निर्जंतुकपणा तर चांगल्या ऑटोक्लेव्हमधूनही, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातूनही, मिळतो. एकदाच वापरायच्या उपकरणाचे भाग मात्र एकाच कारखान्यातून, एकाच पाकिटात जोडीनेच येतात. ते झिजत नाहीत आणि दुसऱ्या सेटच्या भागांत मिसळत नाहीत. म्हणून मागणीपत्रात लिहायचं ते हे: सगळे भाग एकाच पाकिटात, एकाच लॉटचे (एका वेळी बनलेल्या मालाचे), आणि साइज पाकिटावरच नव्हे तर प्रत्येक भागावर उमटवलेला. 'बेल डिस्पोजेबल, प्लेट आपल्याकडची जुनी' असा स्वस्त पर्याय कुणी सुचवला तर तो तिथेच नाकारावा. त्यात भागांची अदलाबदल कायम राहते आणि वर कचराही वाढतो.

आता रिंगच्या पद्धतीकडे. प्लास्टिबेल १९५० च्या दशकात आली आणि ती मुळातच एकदा वापरून टाकायची. प्लास्टिकची घंटेसारखी रिंग, तिच्या बाहेरच्या अंगाला खाच, मोडून काढता येणारी मूठ आणि एक मजबूत दोरा. साइज १.१, १.२, १.३, १.४, १.५ आणि १.७ सेंटिमीटर. कातडीच्या कडा आर्टरी फोर्सेप्सने (चिमट्याने) धरतात, बोथट प्रोबने (बारीक सळईने) मुंडापासून कातडी सगळीकडून सोडवतात, वरच्या बाजूला, म्हणजे घड्याळात बाराच्या जागी, मध्यरेषेवर कातडी मिनिटभर चिरडून त्याच रेषेवर छेद देतात. कातडी मागे घेऊन मूत्रद्वार जागेवर आहे ना ते बघतात. मग रिंग मुंडावर ठेवून कातडी तिच्यावरून परत पुढे आणतात, दोरा खाचेवर बसवून आवळून बांधतात, पुढची कातडी कापतात आणि मूठ मोडतात. दोऱ्यापुढची उरलेली कातडी वाळते आणि साधारण ५ ते ८ दिवसांत रिंगसकट गळून पडते.

दोरा खाचेत बसला नाही किंवा गाठ पहिल्या वेढ्यानंतर ढिली पडली, तर रक्त येतं. रिंग लहान पडली तर मुंडावर दाब येतो. रिंग मोठी पडली तर त्याहून वाईट: ती मुंडाच्या कडेवरून मागे शिश्नाच्या दांड्यावर सरकते, पुढचा भाग सुजतो, सूज आली की रिंग आणखी आवळते आणि आपोआप निघत नाही. मग ती कापूनच काढावी लागते. तेव्हा रिंग वापरणाऱ्या प्रत्येक विभागात ती कापायचं साधन, म्हणजे रिंग कटर किंवा टोकदार मजबूत कात्री, जागेवर हवी. रिंगच्या ऑर्डरबरोबर हे साधन मागवलं जात नाही, आणि गरज लागते तेव्हा शोधाशोध होते.

यातून साठ्याचा मुद्दा येतो. तो कंटाळवाणा वाटला तरी आमच्या मते सगळ्या पत्रात महत्त्वाचा तोच आहे. मधल्या साइजचा खप जास्त असतो, म्हणून ऑर्डरही त्यांचीच जाते आणि टोकाचे साइज दोन-चार नग मागवले जातात. ते संपतात. एखाद्या सकाळी बाळाला १.१ हवी असते आणि कपाटात १.३ पासून पुढच्याच असतात. बाळाला भूल दिलेली आहे, छेद झाला आहे, आईवडील बाहेर थांबले आहेत. अशा वेळी 'ही चालेल' असं वाटायला फार वेळ लागत नाही. ही चूक सर्जनच्या नावावर लागते, पण साइज संपू दिला तो आपल्या यंत्रणेने. प्रत्येक साइजची स्वतंत्र किमान पातळी ठरवावी, आणि कुठलाही एक साइज त्याखाली गेला की ऑर्डर जावी. एकूण नगांवर जाऊ नये. शक्यता असलेले तीन साइज टेबलाशेजारी बंद पाकिटात असल्याशिवाय भूल देऊ नये, असा नियम विभागाकडून लिहून घ्या.

चुकीच्या साइजचं पाकीट उघडलं तर ते वाया जातं, आणि इथूनच पुन्हा वापराचा मोह सुरू होतो. 'वापरली नाही, नुसती उघडली, टाका ऑटोक्लेव्हमध्ये.' १२१ अंशांच्या वाफेत अशा प्लास्टिकचा आकार बदलू शकतो, आणि खाचेची धार थोडी बोथट झाली तरी दोरा त्यावरून घसरतो. ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात रिंग बुडवली तर रसायनाचा अंश राहतो आणि तो थेट कोवळ्या त्वचेला लागतो. पाकिटावर तिरकी रेघ मारलेला '२' असतो, त्याचा अर्थ पुन्हा वापरू नका, आणि त्यात 'उघडलेली पण न वापरलेली' असा अपवाद नाही. यावर उपाय स्वस्त आहे. मोजमापासाठी वेगळा निर्जंतुक साइझर मागवा, किंवा तो देणारा पुरवठादार निवडा, म्हणजे मोजून मगच पाकीट उघडता येईल.

अलीकडच्या काही उपकरणांत झाकणं, चिरडणं आणि कापणं एकाच यंत्रात आणलं आहे. अॅक्युसर्क हे त्यातलं एक: मुंड झाकणारी रिंग प्रोबसकट, आणि एकाच दाबाने चिरडणारा क्लॅम्प, ज्याचं गोल पातं आतच झाकलेलं असतं. यात उघडं ब्लेड हातात घ्यावं लागत नाही, त्यामुळे शिकाऊ हातासाठी पायऱ्या कमी होतात. तरी पायऱ्या कमी झाल्या म्हणजे डोळ्यांनी बघणं कमी झालं, असं होता कामा नये. अशा कुठल्याही उपकरणात पातं पूर्ण वर्तुळात कापलं नाही तर उरलेला भाग हाताने पूर्ण करावा लागतो. त्यासाठी कात्री, ब्लेड आणि शिवायचा बारीक, विरघळणारा धागा शेजारी हवाच. 'यात सगळं येतं' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की अर्धवट कापलं गेलं तर पाकिटात काय आहे.

सेटमधल्या छोट्या वस्तूंकडे कुणी लक्ष देत नाही. डिस्पोजेबल किटमधले मॉस्किटो फोर्सेप्स, म्हणजे बारीक टोकाचे चिमटे, दिसायला चकचकीत असतात. मिटवून दिव्यासमोर धरा, टोकं शेवटपर्यंत भिडतात का बघा. मग टोकाने गॉजचा एक धागा धरून ओढा. धागा निसटला तर कातडीही निसटेल, आणि निसटलेली कातडी पुन्हा पकडताना मुंड चिमटीत येऊ शकतं. प्रोब गॉजवरून सगळ्या बाजूंनी फिरवा; तंतू अडकला तर त्यावर धातूचा बारीक काटा राहिला आहे. तो प्रोब मुंडावरून फिरणार असतो.

भुलीचं औषध याच ऑर्डरमध्ये येत असेल, तर हा हिशोब कृपया सावकाश वाचा. शिश्नाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना इंजेक्शन देताना १ टक्का लिग्नोकेन प्रत्येकी ०.४ मिली, म्हणजे एकूण ०.८ मिली दिलं जातं. कमाल मर्यादा दर किलोला ३ मिलिग्रॅम. १ टक्का म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम. तीन किलोच्या बाळाची मर्यादा ९ मिलिग्रॅम, म्हणजे ०.९ मिली, ०.८ बसतं, पण जेमतेम. अडीच किलोच्या बाळाची मर्यादा साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे ०.७५ मिली, ०.८ तिथे जास्त होतं. आता १ टक्का मिळालं नाही म्हणून स्टोअरने २ टक्के पाठवलं आणि सिरिंजमध्ये सवयीने ०.८ भरलं गेलं, तर तीन किलोच्या बाळाला ८ ऐवजी १६ मिलिग्रॅम जातील. म्हणून या विभागासाठी १ टक्क्याची, अॅड्रिनॅलिनविरहित कुपीच खरेदी करावी आणि बदली माल स्वीकारू नये. अॅड्रिनॅलिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे ते मिसळलेली कुपी या खोलीत असूच नये. सिरिंज १ मिलीची हवी. ५ मिलीच्या सिरिंजवर ०.०५ मिलीचा फरक वाचता येत नाही. इंजेक्शननंतर पाच मिनिटं थांबणं हा भुलीचाच भाग आहे. साखरेचं पाणी बाळाला शांत करतं, पण भुलीची जागा घेत नाही.

काही गोष्टी कुठलंही उपकरण करू शकत नाही. मूत्रद्वार खालच्या बाजूला असेल, शिश्नाला बाक असेल, ते कातडीत बुडालेलं असेल किंवा वृषणाची कातडी शिश्नाला पडद्यासारखी जोडलेली असेल, तर ही शस्त्रक्रिया करायची नाही. पुढे दुरुस्तीसाठी तीच कातडी लागू शकते. काही बाळांत पुढची कातडी पूर्ण आणि सरळ दिसते, पण आत मूत्रद्वार मोठं आणि खाली सरकलेलं असतं. हे कातडी मागे घेतल्यावरच कळतं, आणि कळताच थांबायचं असतं. वजन अडीच किलोपेक्षा कमी, ताप, लक्षात येण्याइतकी कावीळ, कुटुंबात रक्त न गोठण्याचा आजार, व्हिटॅमिन के दिल्याची नोंद नसणं, अशा वेळी पुढे जाऊ नये. नवजात पद्धत साठ दिवसांपर्यंतच्या बाळांसाठीच आहे. त्याहून मोठ्या मुलासाठी मोठ्या साइजची बेल मागवून काम भागवू नये.

रक्तस्रावाबद्दल एवढंच लक्षात घ्या. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून अडीचशे मिलीच्या आसपास रक्त असतं. पंचवीस मिली, म्हणजे चहाचे पाच चमचे, गेलं तर एक दशांश गेलं. जास्त शोषणाऱ्या डायपरमध्ये तेवढं रक्त गुपचूप मुरतं आणि वरून डाग लहान दिसतो. म्हणून पहिल्या तासात डायपरऐवजी पांढरा गॉज ठेवून दर १५ ते २० मिनिटांनी बघणं आवश्यक आहे. त्यासाठी लागणारा जादा गॉज मागणीत धरा. रक्त थांबवण्यासाठी मोनोपोलर कॉटरी (विजेने भाजून रक्तवाहिनी बंद करणारं साधन) धातूच्या क्लॅम्पला कधीही लावू नये. वीज धातूतून थेट शिश्नात जाते आणि त्यातून होणारी भाजणी भरून येत नाही. ओटीत मोनोपोलर मशीन असेल, तर क्लॅम्पच्या किटवरच ठळक इशारा छापून मागा.

घरी द्यायची सूचना किटबरोबर मागवा, आणि ती आईवडील वाचतात त्या भाषेत. बारा तासांत लघवी झाली नाही, थांबत नाही असं रक्त, मुंड निळं-काळं पडणं, रिंग मागे सरकलेली दिसणं, आठ दिवसांनंतरही रिंग न गळणं, यातलं काहीही झालं तर लगेच यायचं. पहिल्या दोन-तीन दिवसांत मुंडावर पिवळसर थर येतो. तो पू नसतो, जखम भरण्याचाच भाग असतो. हे लिहिलेलं नसेल, तर आया तो पुसून काढत बसतात आणि जखम पुन्हा उघडते.

पाकिटावरच्या लॉट क्रमांकाचं सुटं स्टिकर असलंच पाहिजे, म्हणजे ते केसपेपरवर चिकटवता येतं. निर्जंतुकीकरणाचा रंग बदललेला ठिपका एवढंच सांगतो, की पाकीट त्या प्रक्रियेतून गेलं. पाकीट फाटलं किंवा शिवण सुटली असेल, तर त्या ठिपक्याला अर्थ उरत नाही.

शेवटची विनंती निविदा मंजूर होण्याआधीची. प्रत्येक साइजचे दहा नमुने मागवा आणि बैठकीतच फोडा. बेल प्लेटमध्ये बसवून दिव्यासमोर धरा. रिंगची मूठ मोडून बघा. ती सहज तुटायला हवी, आणि तुटल्या जागी बोटाला टोचणारं टोक राहता कामा नये. दोरा खाचेत बसवून जोर लावून आवळा, घसरतो का पाहा. साइज कॅलिपरने मोजा आणि पाकिटावरच्या आकड्याशी ताडून घ्या. एखादा नमुना नापास झाला तर पुरवठादार तो बदलून द्यायला उत्सुक असतो. बदली घ्या, पण नापास नमुना परत देऊ नका. पाकिटासकट, लॉट क्रमांकासकट, तारीख लिहून समितीच्या फाइलबरोबर ठेवा.

आपले,
नवजात शल्यसाहित्याची तपासणी आणि प्रशिक्षण करणारे सहकारी